आधी ऐकावं, मग बोलावं



या घटकेला माझा आवाज तुमच्यापर्यंत एका ठरलेल्या लहरीवरून येतो आहे. ती लहर या केंद्राला नेमून दिलेली आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी बोलायचं नाही, असा कायदा आहे. म्हणून मी निवांतपणे बोलू शकतो आणि तुम्हाला शब्दन् शब्द ऐकू येतो. पण तुमच्या घरात याच वेळी आणखी कितीतरी यंत्रं हवेतून बोलत असतील. इंटरनेटचा राउटर असेल, मोबाइल असेल, आणि ज्यांच्याकडे अजून घरचा टेलिफोन आहे त्यांच्याकडे बिनवायरचा, म्हणजे कॉर्डलेस फोन असेल. यांतल्या पुष्कळांना स्वतःची अशी लहर नाही. सगळे एकाच चौकात उभे राहून एकदम बोलत असतात. त्या गोंगाटापायी आमच्या घरात एकदा काय झालं आणि त्यातून आम्ही कसे बाहेर पडलो, ते आज सांगायचं आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इंजिनिअर नव्हे. तेव्हा जे सांगतो ते ठेच लागून शिकलेलं आणि मग जाणत्या माणसांकडून ताडून घेतलेलं आहे.

आमचं घर मिरजेत. अम्मी मूळची कोकणातली, राजापूरच्या बाजूची. लग्न होऊन घाट चढून आली त्याला साठ वर्षं होऊन गेली. तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची खाला, गावाकडेच राहत होती, आणि शेवटची काही वर्षं एकटीच. डोंगराच्या कुशीतल्या तिच्या घरात मोबाइलला रेंज यायची नाही. जुना टेलिफोन मात्र चालायचा. दुपारी बाराच्या सुमाराला दोघी बहिणी अर्धा तास फोनवर बोलायच्या. हा रोजचा परिपाठ. अम्मीला मोबाइल जमत नाही. काचेवर बोट टेकलं की भलत्याचाच नंबर लागतो. म्हणून तिच्यासाठी मोठ्या बटणांचा कॉर्डलेस फोन घेतलेला होता. तो घेऊन ती खिडकीशी बसायची. दोघी त्यांच्या कोकणी बोलीत बोलायच्या. ती बोली आमच्या घरात अम्मीवाचून कोणाला नीट येत नाही. कळते, पण बोलता येत नाही. म्हणजे दिवसातला तो अर्धा तास अम्मी आपल्या भाषेत असायची.

मग आलं २०२० साल. शाळा-कॉलेजं बंद झाली आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. आम्ही घाईघाईनं नवी इंटरनेटची जोडणी घेतली. त्या जोडणीत एकच डबा येतो. त्यातूनच घरभर वाय-फाय मिळतं आणि टेलिफोनची वायरही त्यालाच मागच्या बाजूला लागते. जोडणी करायला आलेल्या मुलानं डबा पॅसेजमधल्या कपाटावर ठेवला. अम्मीच्या फोनची वायर वीतभर लांबीची. तेव्हा फोनची बैठक, म्हणजे ज्यात फोन चार्जिंगला उभा करतात ती बैठक, त्यानं सरळ डब्याला टेकवूनच ठेवली. दिसायला छान दिसत होतं, आणि तंटा तिथंच सुरू झाला.

दुपारी बाराला मुलीचा फिजिक्सचा तास असायचा. सर शिकवता शिकवता मध्येच थिजायचे. तोंड उघडं, हात वर, आवाज गायब. मिनिटाभरानं एकदम पुढचं गणित फळ्यावर. कंपनीकडे तक्रार केली. माणूस आला, त्यानं तपासलं आणि "लाइन ओके आहे" म्हणून गेला. मोबाइलवर पाहावं तर वाय-फायच्या काड्या पूर्ण भरलेल्या. पाच-सहा दिवसांनी मुलीनंच शोध लावला. म्हणाली, "अब्बा, दादी फोनवर असली की माझा तास तुटतो."

निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. आम्ही ठरवून टाकलं की अम्मीनं दुपारी फोन करू नये. संध्याकाळी करावा म्हटलं, तर संध्याकाळी माझी कविसंमेलनं, तीही पडद्यावरचीच! "अम्मी, आज जरा राहू दे," असं मी स्वतः दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही. ती म्हणाली, "पोरीचं शिकणं महत्त्वाचं. आम्हा म्हाताऱ्यांचं काय अडतंय!" आणि तिनं फोन उचलणंच सोडलं. चांगले दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून फोन आला. खालाच्या शेजारचा मुलगा टेकडीवर चढून, रेंज शोधून बोलत होता. "त्या विचारतायत, मोठ्या बहिणीची तब्येत बरी आहे ना? फोन येत नाही म्हणून घाबरल्यायत."

तो फोन ठेवला आणि मला माझीच लाज वाटली.

ओळखीतले एक गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना विनंती केली. तोंडाला मास्क लावून ते आले. त्यांनी कुठलंही यंत्र उघडलं नाही. अम्मीच्या फोनची बैठक उलटी केली आणि खालचं लेबल वाचलं. मग राउटर उलटा करून त्याचंही लेबल वाचलं. दोन्हीवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं होतं. म्हणाले, "दोघं एकाच ताटात जेवतायत, आणि तुम्ही त्यांना मांडीला मांडी लावून बसवलंय."

आता हा २.४ गिगाहर्ट्झ काय प्रकार आहे, ते त्यांच्याकडून समजून घेतलं तसं सांगतो. लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते, असा त्याचा अर्थ. अशा एका लहरीची लांबी जेमतेम पाच इंच असते. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही याच्याच जवळपास, २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. इथं अशा यंत्रांची वर्दळ असल्यानं ही जागा लहरींच्या जगातलं गायरान झाली. अमेरिकेनं १९८५ साली असे काही पट्टे बिनपरवाना संपर्कासाठी खुले केले. भारतात जानेवारी २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरायला मिळाला. पण त्याला एक अट आहे. दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही, स्वतःसाठी संरक्षण मागायचं नाही आणि जागा सर्वांनी वाटून वापरायची. म्हणजे माझ्या फोनमुळे शेजाऱ्याचं इंटरनेट अडखळलं, तर त्याला चौकीवर जाता येत नाही. मलाही येत नाही. गायरानात ज्यानं त्यानं आपलं जनावर सांभाळायचं.

या गायरानात वाय-फाय मोठ्या अदबीनं वागतं. काही पाठवण्याआधी ते कानोसा घेतं. कोणी बोलत असेल तर थांबतं आणि शांत झालं की आपलं म्हणणं पाठवतं. पलीकडून "पोचलं" अशी पावती आली नाही, तर तेच पुन्हा पाठवतं. आमच्या मिरजेत तंतुवाद्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. शेजारचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत असेल, तर इकडचा आपला हात थांबवून बसतो, हे मी पाहिलं आहे. वाय-फायचं तसंच. पण जुना कॉर्डलेस फोन असं थांबत नाही. संभाषण सुरू झालं की तो बोलतच राहतो. मग वाय-फाय थांबतं, पुन्हा पाठवतं, पुन्हा थांबतं. आपल्याला दिसतं ते काय, तर सर थिजले!

काड्या पूर्ण भरलेल्या का होत्या, तेही तेव्हाच कळलं. काड्या फक्त आवाज किती मोठा येतो ते दाखवतात. भोवती गोंगाट किती आहे, ते दाखवत नाहीत. लग्नाच्या मांडवात शेजारचा माणूस कानाशी ओरडून बोलतो, तरी बँडपुढे शब्द कळत नाही. त्यातला हा प्रकार. तेव्हा काड्या भरलेल्या असूनही इंटरनेट अडखळत असेल, तर आधी गोंगाट शोधावा. हा अडथळा एकतर्फीही नसतो. कित्येकदा उलट फोनमध्येच खरखर येते किंवा शब्द तुटतात. अम्मी कधीची म्हणत होती, "मध्येच काहीतरी कटकट वाजतं." आम्ही म्हणालो, वयोमानानं तुला ऐकू कमी येतं.

आता उपाय. आम्ही पहिला उपाय केला तो फसला आणि तो का फसला, ते समजून घेण्यासारखं आहे. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे वाय-फायसाठी १ ते १३ असे चॅनेल आहेत. पण ते एकमेकांना इतके खेटून आहेत की एक राउटर बसला की चार चॅनेलची जागा अडवतो. तेरा खुर्च्या मांडल्यात खऱ्या, पण ऐसपैस बसणारे तिघंच. म्हणून १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या वाटेत न येणारे मानतात. आमचा राउटर ६ वर होता. तो १ वर नेला, मग ११ वर नेला. काडीचा फरक पडला नाही.

कारण अम्मीचा फोन एका जागी बसणारा नव्हता, उड्या मारणारा होता. जुने साधे फोन एकच बारीक वाट धरून बोलतात. त्यांच्या बाबतीत राउटरचा चॅनेल बदलला किंवा फोनवर चॅनेलचं बटण असेल ते दाबलं, की काम होतं. नंतरचे डिजिटल फोन मात्र सेकंदात कित्येकदा जागा बदलत पट्टाभर फिरतात. या उड्यांच्या युक्तीमागे एक गोड हकिकत आहे. हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांना १९४२ साली अमेरिकेत एका शोधाचं पेटंट मिळालं. समुद्रातल्या टॉर्पेडोला बिनतारी संदेशानं दिशा द्यायची, पण शत्रूला तो संदेश अडवता येऊ नये म्हणून लहर सारखी बदलत ठेवायची. त्यासाठी त्यांनी ८८ लहरी कल्पिल्या होत्या. पियानोला पट्ट्या तेवढ्याच असतात! शत्रूला चुकवण्यासाठी सुचलेली तीच कल्पना पुढे घरगुती यंत्रांत आली. फोनच्या दृष्टीनं ती सोयीची, कारण एखादी जागा खराब निघाली तर पुढच्या क्षणी तो दुसरीकडे. पण वाय-फायनं कुठलाही कोपरा धरला, तरी हा पाहुणा तिथं डोकावणारच. ब्लूटूथही असंच उड्या मारतं. मात्र २००३ पासून त्याच्या नियमांत सुधारणा झाली आणि गजबजलेल्या जागा ओळखून त्या टाळायची सोय त्यात आली.

चॅनेल बदलून भागेना, तेव्हा निवृत्त गृहस्थांनी सर्वांत साधा उपाय सांगितला. दोघांना लांब करा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरीची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. एका फुटावरून आठ फुटांवर नेलं तर चौसष्टावा हिस्सा उरतो. घरात भिंती आणि कपाटं असतात, म्हणून हिशेब इतका नेमका येत नाही, पण दिशा हीच. बाजारातून टेलिफोनची लांब वायर आणली आणि फोनची बैठक थेट अम्मीच्या खोलीत, खिडकीजवळ नेली. मध्ये दोन भिंती आल्या. राउटर पॅसेजमध्येच राहिला.

दुसरं काम केलं ते लॅपटॉपचं. हल्लीचे बरेचसे राउटर २.४ बरोबर ५ गिगाहर्ट्झवरही चालतात. तिथं जागा जास्त आणि गर्दी कमी. आपल्याकडे या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली बिनपरवाना वापराला खुला झाला. मुलीचा लॅपटॉप आम्ही ५ वर जोडला. या लहरी भिंतीतून जाताना लवकर अशक्त होतात, म्हणून ती राउटरजवळच्या खोलीत बसू लागली. दुसऱ्या दिवशी बाराला मुलगी तासाला बसली आणि मी अम्मीच्या हातात फोन दिला. ती घ्यायला तयार होईना. "आधी पोरीला विचार," म्हणाली. मुलगी स्वतः उठून आली आणि तिनं नंबर लावून दिला. पलीकडून खाला एवढ्या मोठ्यानं बोलली की तिचा आवाज मला दारात ऐकू आला. त्या दिवशी अर्ध्या तासाचे सव्वा दोन तास झाले. सर काही थिजले नाहीत.

श्रोतेहो, तुमच्या घरी असा तंटा असेल, तर आमच्यासारखं माणसावर खापर फोडू नका. आधी तपासा. इंटरनेट अडखळत असताना एकेक यंत्र बंद करून पाहा. कॉर्डलेस फोनची बैठक प्लगमधून दहा मिनिटं काढा. मग मायक्रोवेव्हचं पाहा. ही भट्टी चालू असेपर्यंत तिच्यातून किंचित लहरी बाहेर येतात. माणसाला त्यांचा त्रास होण्याइतक्या त्या नसतात, पण वाय-फायला पुरतात. म्हणून राउटर स्वयंपाकघरात ठेवू नये. दारावरचा जुना बिनतारी कॅमेरा किंवा पाळण्याजवळचं आवाज ऐकण्याचं यंत्रही कधी कधी दोषी निघतं.

गुन्हेगार सापडला की त्याचं लेबल वाचा. २.४ असेल तर अंतर वाढवा आणि राउटरचा चॅनेल १, ६, ११ यांपैकी बदलून पाहा. राउटरच्या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड बहुधा त्याच्याच पाठीवर छापलेला असतो. तिथं चॅनेलची रुंदी विचारली, तर २.४ च्या पट्ट्यात ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा. आपण कमी जागा अडवली की शेजाऱ्यालाही बरं. फोन ५.८ गिगाहर्ट्झचा असेल, तर त्याचं भांडण वाय-फायच्या ५ च्या पट्ट्यातल्या वरच्या चॅनेलशी होतं. अशा घरी ५ मध्येच खालचे चॅनेल निवडावेत. टीव्ही आणि मेजावरचा संगणक जागचे हलत नाहीत. त्यांना सरळ केबल जोडावी. वायरनं जाणाऱ्याला चौकातल्या गर्दीशी कर्तव्यच नाही. आणि ज्याला फोन हिंडवायचा नाही, त्याच्यासाठी जुना वायरचा फोन अजूनही उत्तम.

आणखी एक. परदेशातले नातेवाईक प्रेमानं फोन आणतात. अमेरिकेत विकले जाणारे नव्या पद्धतीचे कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे ती जागा त्यांना दिलेली आहे. पण जगात बहुतेक ठिकाणी १९२० ते १९८० हा पट्टा मोबाइलसाठी राखलेला असतो. तेव्हा घरचं वाय-फाय वाचवायला म्हणून असा फोन लावायचा आणि मोबाइलच्या वाटेत जायचं, हे बरोबर नाही. आपल्या देशासाठी बनवलेलाच फोन घ्यावा.

राहता राहिले शेजारी. आमच्या पडद्यावर तेव्हा चौदा घरांच्या वाय-फायची नावं दिसत होती. मी वरच्या आणि समोरच्या घरी गेलो. तिघांनी मिळून कोणी १, कोणी ६, कोणी ११ घ्यायचा असं ठरवलं. समोरचे गृहस्थ हसले. म्हणाले, "पाण्याच्या वेळा वाटून घेतो तसंच की!" अगदी तसंच. कायद्यानं दाद मिळत नसेल तिथं दार ठोठावून बोलणं एवढंच हातात असतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मुलीची बारावी झाली, पुढचं शिक्षणही झालं. खाला २०२२ च्या हिवाळ्यात गेली. तोवर दोघींचं बोलणं चालू होतं. ते मध्ये गेलेले दहा-बारा दिवस मात्र मला परत देता आले नाहीत. अम्मी त्याबद्दल कधी बोललेली नाही. फोन अजून तिच्या खिडकीत आहे. आता बारा वाजले की हॉस्टेलवरून माझी मुलगी तिला फोन करते. तिच्याकडून कोकणी शब्द विचारून घेते, वहीत लिहिते आणि चुकीचे उच्चार करून दादीला हसवते.

आज दुपारचं जेवण झालं की एवढं करा. घरातल्या फोनची बैठक उलटी करून लेबल वाचा, आणि ती राउटरला टेकून असेल तर आधी तिथून हलवा.

नमस्कार.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)